लघवीतल्या खुणा सापडतात, मग दुर्बीण कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 64. दीड वर्षापूर्वी त्यांच्या लघवीतून लालभडक रक्त गेले, दुखले मात्र काहीच नाही. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली, ती दुर्बिणीतून काढली. कॅन्सरचीच निघाली, पण वरवरची आहे असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघतात. तारीख जवळ आली की वडिलांचे जेवणावरचे मन उडते. मी वाचले की आता नुसत्या लघवीच्या नमुन्यातून, जनुकांच्या आणि प्रथिनांच्या खुणांवरून हा कॅन्सर ओळखता येतो आणि तो पुढे कसा वागेल हेही सांगता येते. हे खरे असेल, तर दुर्बीण कशासाठी? आणि आमच्या डॉक्टरांनी ही तपासणी का सुचवली नाही?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तुम्ही वाचलेत ते खोटे नाही. लघवीत मूत्राशयाच्या कॅन्सरच्या खुणा सापडतात, आणि काढलेल्या गाठीतल्या काही खुणांवरून तिच्या पुढच्या चालीचा अंदाजही बांधता येतो. तरीही तुमच्या वडिलांची दुर्बीण आज तरी सुटणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उमजले की डॉक्टरांना नेमके काय विचारायचे तेही कळेल. तुमच्या एका पत्रात खरे तर पाच प्रश्न आहेत. ते एकेक घेऊ.

1. लघवीत या खुणा येतात कुठून?

मूत्राशयाला आतून पेशींचे अस्तर असते. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्यांनाही तेच अस्तर असते. मूत्राशयाचे बहुतेक कॅन्सर याच अस्तरात सुरू होतात. याचे कारण त्याच्या जागेत आहे. रक्तातली विषारी द्रव्ये मूत्रपिंडे गाळून काढतात आणि ती लघवीतून येऊन या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढे बेंझिडीन आणि नॅफ्थिलअमाइन या रसायनांवर दोष निश्चित झाला. याच जातीची रसायने तंबाखूच्या धुरात असतात. म्हणूनच या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या आजाराचे मूळ तिथे सापडते. 2022 मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे 6 लाख 14 हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांत पुरुष स्त्रियांच्या तिपटीहून अधिक होते.

लघवी आणि अस्तर यांचा हाच सहवास निदानाला मात्र उपयोगी पडतो. अस्तरातल्या पेशी झडून लघवीत पडत असतात. कॅन्सरच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल असते, त्यामुळे त्या अधिकच झडतात. शरीराला सुई न टोचता कॅन्सरच्या पेशी हाती याव्यात, अशी सोय फार थोड्या अवयवांत असते.

या सोयीचा शास्त्रीय उपयोग जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी दाखवला. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची पॅप तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे. 1945 मध्ये त्यांनी व्हिक्टर मार्शल यांच्यासोबत लघवीच्या गाळातल्या पेशी काचपट्टीवर रंगवून त्यांतून कॅन्सर ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला आपण युरिन सायटोलॉजी म्हणतो आणि ती आजही रोजच्या वापरात आहे. आक्रमक, म्हणजे हाय ग्रेड, गाठींपैकी सुमारे 84 टक्के तिला सापडतात असे युरोपीय युरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सौम्य, लो ग्रेड गाठींत मात्र हे प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास घसरते. सौम्य कॅन्सरची पेशी रंगरूपाने निरोगी पेशीसारखीच दिसते, म्हणून ती सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून सुटते. बाहेरून फरक कळत नसेल तर पेशीच्या आत पाहावे, या विचारातून रेणूंच्या पातळीवरच्या खुणांचा, म्हणजे मॉलेक्युलर मार्करचा, शोध सुरू झाला.

2. पेशीच्या आत असे काय बदलते?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर मूत्राशयाच्या कॅन्सरनेच दिले. माणसाच्या गाठीतून वेगळे काढलेले पहिले कॅन्सरकारक जनुक मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींमधले होते. त्याचे नाव एचरास. 1982 मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ते जवळजवळ एकाच वेळी वेगळे केले आणि त्याच वर्षी त्यातला दोषही उलगडला. हजारो अक्षरांच्या त्या जनुकात एकच अक्षर बदलले होते. ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आले होते, त्यामुळे प्रथिनाच्या बाराव्या जागेवर ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, आणि तेवढ्याने पेशीला वाढीचा थांबा कळेनासा झाला. हा दोष दाखवणाऱ्या शोधनिबंधांपैकी एकाचे पहिले लेखक मूळचे भारतीय ई. प्रेमकुमार रेड्डी होते.

आता मूत्राशयाच्या कॅन्सरमधल्या आणखी बऱ्याच खुणा माहीत आहेत. नवव्या गुणसूत्राचा तुकडा गळणे ही त्यांतली अगदी सुरुवातीची. टर्ट जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागातला बदल सौम्य आणि आक्रमक अशा दोन्ही प्रकारच्या बहुसंख्य गाठींत सापडतो. एफजीएफआर3 जनुकातला बदल सौम्य गाठींत जास्त आढळतो, तर टीपी53 मधला आक्रमक गाठींत.

या खुणा आजार उघड होण्याच्या किती आधी दिसू शकतात, याचे एक उदाहरण डॉक्टरांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. 1967 मध्ये ह्युबर्ट हम्फ्री अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या लघवीतून रक्त गेले आणि सायटोलॉजी झाली. त्या पेशी कॅन्सरच्या आहेत की नाहीत यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि निक्सन यांच्याकडून थोडक्या मतांनी हरले. तपासण्या आणि उपचार वर्षानुवर्षे चालू राहिले. 1976 मध्ये कॅन्सर मूत्राशयाच्या भिंतीत खोल गेल्याचे दिसले आणि मूत्राशय काढावे लागले. जानेवारी 1978 मध्ये ते गेले.

1967 ची ती काचपट्टी जपून ठेवलेली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतले डेव्हिड सिड्रान्स्की, राल्फ हृबन आणि त्यांचे सहकारी यांनी आधी 1976 च्या गाठीतला डीएनए तपासला. त्यात पी53 जनुकाचे, म्हणजे टीपी53 चे, एक अक्षर बदललेले आढळले. मग त्यांनी जुन्या काचपट्टीवरच्या पेशींमध्ये तेच अक्षर शोधले. तेही बदललेलेच होते. कॅन्सर खोल गेल्याचे कळण्याच्या नऊ वर्षे आधी त्याची खूण लघवीत होती. 1994 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी खळबळ उडाली.

या हकिकतीचा एक भाग सहसा सांगितला जात नाही, आणि तुमच्या प्रश्नाला तोच महत्त्वाचा आहे. संशोधकांना कुठले अक्षर शोधायचे ते आधीच माहीत होते, कारण गाठ त्यांच्या हातात होती. 1967 मध्ये कुणालाही ते माहीत असणे शक्य नव्हते. मागे वळून एखादी खूण पडताळणे सोपे असते. समोर बसलेल्या माणसाच्या लघवीत, कुठे शोधायचे ते माहीत नसताना, खूण शोधणे आणि तिच्या भरवशावर त्याचे उपचार ठरवणे ही फार वेगळी गोष्ट आहे.

पुढे पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजारांहून अधिक लोकांची प्रकृती वर्षानुवर्षे नोंदवली गेली आणि त्यांच्या लघवीचे नमुने साठवले गेले. त्यांतल्या ज्यांना पुढे मूत्राशयाचा कॅन्सर झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत टर्टमधला बदल शोधला. तपासता आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत तो सापडला, काहींत निदानाच्या दहा वर्षे आधी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आशादायक आहे. पण उरलेल्या निम्म्यांत खूण सापडली नव्हती, हेही त्याच अभ्यासाने सांगितले.

3. आज कोणत्या चाचण्या उपलब्ध आहेत?

पहिल्या पिढीच्या चाचण्या प्रथिने शोधतात. एनएमपी22 ही त्यांतली गाजलेली. पेशीच्या केंद्रकातले हे प्रथिन कॅन्सरच्या पेशी मरताना लघवीत जास्त सुटते. 1996 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. नंतर लघवीचे चार थेंब टाकून अर्ध्या तासात उत्तर देणारी तिची पट्टीही आली. बीटीए ही दुसरी तशीच चाचणी. अडचण अशी की मूतखडा, संसर्ग किंवा लघवीतले रक्त यांनीही या चाचण्या पॉझिटिव्ह येतात. धूर दिसला म्हणून घराला आग लागली असे होत नाही, चूल पेटली तरी धूर येतोच.

दुसरी पद्धत गुणसूत्रे मोजते. तिचे नाव फिश, बाजारातले नाव युरोव्हिजन. अमेरिकेत 2001 पासून ती मान्य आहे. पेशींवर चार रंगांत चमकणारे धागे सोडतात. लाल धागा तिसऱ्या गुणसूत्राला चिकटतो, हिरवा सातव्याला, निळसर सतराव्याला आणि सोनेरी नवव्या गुणसूत्राच्या एका ठरावीक तुकड्याला. मग अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहून ठिपके मोजतात. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके असतात. कॅन्सरच्या पेशीत लाल, हिरवे आणि निळसर ठिपके तीन-चार किंवा त्याहून जास्त दिसतात, तर सोनेरी दोन्ही गायब असू शकतात. आक्रमक गाठी ही चाचणी बऱ्यापैकी पकडते. सौम्य गाठींत गुणसूत्रांची संख्या सहसा फारशी बिघडलेली नसते, त्यामुळे तिथे ती कमी पडते.

तिसरी पद्धत आरएनए मोजते, म्हणजे कोणती जनुके किती जोमाने चालू आहेत ते पाहते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली सीएक्सब्लॅडर ही पाच जनुके पाहते. त्यांतले एक मुद्दाम सूज ओळखण्यासाठी घेतले आहे. संसर्गामुळे आलेले पॉझिटिव्ह उत्तर वेगळे काढता यावे, हा त्यामागचा हेतू. एक्सपर्ट ब्लॅडर कॅन्सर हीसुद्धा पाच जनुकांच्या आरएनएवर चालते. ब्लॅडर एपिचेक ही डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा पंधरा ठिकाणी तपासते. आणि 2018 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने मांडलेली युरोसीक ही टर्टसह अकरा जनुकांतले बदल आणि गुणसूत्रांची घट-वाढ एकत्र पाहते.

प्रत्येक पिढीबरोबर चाचण्या सुधारल्या आहेत. नव्या चाचण्या सौम्य गाठीही सायटोलॉजीपेक्षा जास्त पकडतात. त्यांतली एकही मात्र सर्व गाठी पकडत नाही.

4. मग दुर्बिणीऐवजी त्या का वापरत नाहीत?

याची तीन कारणे आहेत. पहिले कारण हिशेबाचे. समजा, एक चाचणी दर शंभर कॅन्सरपैकी 80 पकडते आणि दर शंभर निरोगी माणसांपैकी 80 जणांना बरोबर निरोगी ठरवते. ऐकायला ही चांगली चाचणी आहे. आता ती एखाद्या गावातल्या 1000 लोकांची केली आणि त्यांतल्या पाच जणांना खरोखर कॅन्सर असला, तर काय होईल? पाचांपैकी चार सापडतील, एक सुटेल. उरलेल्या 995 निरोगी लोकांपैकी मात्र 199 जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 203 जणांत खरा कॅन्सर फक्त चौघांना. बाकीच्या 199 जणांची झोप उडणार, आणि त्यांना दुर्बीण करावीच लागणार. म्हणूनच काही त्रास नसलेल्या सर्वसामान्य लोकांची सरसकट तपासणी करण्यासाठी या चाचण्या वापरत नाहीत. ज्यांच्यात आजाराची शक्यता मुळातच जास्त आहे त्यांच्यात हेच गणित बरेच सुधारते. चाचणी तीच असते, पण ती कुणाची आणि कोणत्या प्रश्नासाठी केली यावर तिची किंमत ठरते. या सगळ्या विषयाचे मर्म मला इथेच दिसते.

दुसरे कारण दुर्बिणीच्या कामाचे. लघवीची चाचणी फार तर कुठे तरी गडबड आहे एवढे सांगेल. गाठ कुठे आहे, किती आहेत, केवढ्या आहेत, हे दुर्बीण दाखवते. ती गाठ काढून तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो तेव्हाच कॅन्सर अस्तरापुरता आहे, त्याखालच्या थरात गेला आहे की स्नायूत शिरला आहे हे कळते. पुढचा सगळा उपचार या खोलीवर ठरतो.

तिसरे कारण चुकीच्या निगेटिव्हचे. तुमच्या वडिलांना एकदा कॅन्सर होऊन गेला आहे. परत आलेली आक्रमक गाठ सुटली आणि सहा महिने गेले, तर तेवढ्यात ती स्नायूत उतरू शकते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशी नियमित दुर्बीण करून घेणाऱ्या रुग्णांनाच विचारले होते, की लघवीची चाचणी किती अचूक असेल तर तुम्ही दुर्बीण सोडाल? सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांनी 95 टक्क्यांहून अधिक अचूकता मागितली. दुर्बिणीचा त्रास सोसलेल्या माणसांनीच ही अट घातली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हणूनच युरोपच्या मार्गदर्शक सूचना आजही सांगतात, की कॅन्सर होऊन गेलेल्यांच्या देखरेखीत लघवीच्या चाचण्या दुर्बिणीच्या जोडीने वापराव्यात, तिच्याऐवजी नाही. तुमच्या डॉक्टरांनी चाचणी सुचवली नाही यामागे बहुधा हेच असेल. त्यात या चाचण्यांचा खर्च आहे, त्या सगळीकडे होत नाहीत, आणि निकाल काहीही आला तरी दुर्बीण करायचीच असेल तर ते पैसे कशासाठी, हा प्रश्न डॉक्टरांना पडणे रास्त आहे.

जोडीने वापरल्या तर मात्र त्या खरोखर कामाच्या आहेत. कार्सिनोमा इन सिटू नावाचा एक आक्रमक पण सपाट कॅन्सर असतो. तो उंचवटा करत नाही, त्यामुळे साध्या प्रकाशात दुर्बिणीलाही चकवतो. तिथे सायटोलॉजी आणि फिश उपयोगी पडतात. दुर्बिणीत मूत्राशय स्वच्छ दिसले आणि लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर वरच्या नळ्यांमध्येही शोध घेतात. अशा काही रुग्णांत काही महिन्यांनी गाठ उगवते, म्हणजे खूण आधी आलेली असते.

या बाबतीतले मत बदलते आहे, हेही सांगायला हवे. लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकालाच दिसेल इतके रक्त असणाऱ्यांच्या पहिल्या तपासणीत दुर्बिणीऐवजी मार्कर वापरू नयेत, असे अमेरिकी युरोलॉजी संघटनेने 2020 मध्ये सांगितले होते. 2025 च्या सुधारणेत तिने मध्यम धोक्याच्या ज्या रुग्णांना दुर्बीण टाळायची आहे, त्यांना सायटोलॉजी किंवा पडताळलेल्या मार्करचा पर्याय डॉक्टरांशी चर्चा करून देता येईल असे म्हटले. ही मुभा डोळ्यांना दिसणाऱ्या रक्तासाठी नाही, आणि कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठीही नाही. पण दार किलकिले झाले आहे.

5. पुढे काय होईल, हे खुणा सांगतात का?

इथेही आधी जुने मोजमाप पाहू. वरवरच्या कॅन्सरमध्ये गाठींची संख्या, आकार, खोली, ग्रेड, सोबत सपाट कॅन्सर आहे का, आणि आजार याआधी परतला होता का, एवढ्या गोष्टींवरून युरोपातल्या संशोधकांनी 2006 मध्ये कोष्टके मांडली. त्यांच्यानुसार पाच वर्षांत गाठ परत येण्याची शक्यता 31 टक्क्यांपासून 78 टक्क्यांपर्यंत असते. आजार पुढच्या पायरीवर जाण्याची शक्यता 1 टक्क्यापेक्षा कमी ते 45 टक्के अशी असते. एकाच नावाच्या आजारात एवढी तफावत आहे. ही दरी आणखी नेमकी मोजावी म्हणून जनुकीय खुणांची मदत घेतली जाते.

एफजीएफआर3 मध्ये बदल असलेली गाठ बहुधा सौम्य, वरवरची असते. ती परत परत येते, पण स्नायूत क्वचित शिरते. टीपी53 मधला बदल उलट आक्रमक गाठींत आणि सपाट कॅन्सरमध्ये जास्त. स्नायूत शिरलेल्या 412 गाठींचा नकाशा अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस प्रकल्पाने 2017 मध्ये मांडला, त्यांत जवळपास निम्म्या गाठींत टीपी53 बिघडलेले होते. 2020 मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी अशा खोल गेलेल्या गाठींचे आरएनएवरून सहा वर्ग ठरवले. या वर्गांचे रुग्ण सरासरीने वेगवेगळा काळ जगतात हे दिसले. मात्र एका रुग्णाचा उपचार निव्वळ या वर्गावरून ठरवावा, इतकी खात्री अजून झालेली नाही. टीपी53 चेही तसेच. गट म्हणून त्याचा अर्थ स्पष्ट आहे, पण ग्रेड आणि खोली माहीत झाल्यावर एका माणसाच्या बाबतीत तो फार थोडी भर घालतो.

उपचार चालू असताना मात्र खुणांची थोडी मदत होते. बीसीजीचे उदाहरण घ्या. क्षयरोगाची ही लस आक्रमक पण वरवरच्या कॅन्सरसाठी मूत्राशयात सोडतात. कॅनडाचे अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये हा उपचार प्रसिद्ध केला. आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यासाठीचे बीसीजी बनवते. उपचार चालू झाल्यानंतरही ज्यांची फिश पॉझिटिव्ह राहते, त्यांच्यात आजार परतण्याचा धोका जास्त असतो, असे अभ्यासांत आढळले आहे. अशा रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवता येते.

खुणांचे सर्वांत स्पष्ट यश औषध निवडण्यात आहे. कॅन्सर पसरलेल्या ज्या रुग्णांच्या गाठीत एफजीएफआर3 चा बदल आहे, त्यांच्यासाठी एर्डाफिटिनिब ही गोळी अमेरिकेत 2019 मध्ये मान्य झाली. इथे जनुक तपासल्याशिवाय औषध देताच येत नाही. सौम्यपणाची म्हणून ओळखली गेलेली खूण पसरलेल्या आजारात औषधाचे लक्ष्य ठरली.

दुसरे यश अगदी ताजे आहे. गाठीतून सुटलेल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात फिरतात. आयएमव्हिगर011 या औषधाच्या प्रयोगात मूत्राशय काढून टाकलेल्या रुग्णांच्या रक्तात हे तुकडे वर्षभर पुन्हा पुन्हा शोधले. ज्यांच्यात ते सापडले त्यांच्यापैकी काहींना अ‍ॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले, काहींना औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन दिले. औषध मिळालेले रुग्ण जास्त जगले. ज्यांच्या रक्तात तुकडे सापडलेच नाहीत, त्यांना औषध दिले नाही, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा आजार परतला नाही. 2025 मध्ये हे निकाल जाहीर झाले. खुणेने कुणाला औषध द्यायचे ते सांगितले आणि कुणाला उगाच देऊ नये तेही सांगितले. मार्करकडून अपेक्षा करायची ती अशाच कामाची.

आता तुमच्या वडिलांविषयी.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना शांतपणे चार गोष्टी विचारा. गाठीचा ग्रेड काय होता? ती कोणत्या थरापर्यंत होती, आणि तुकड्यात स्नायू आला होता का? वडील कमी, मध्यम की जास्त धोक्याच्या गटात बसतात? त्यानुसार दुर्बिणीचे वेळापत्रक किती काळ असेच राहील? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दर तीन महिन्यांची दुर्बीण सगळ्यांना कायम नसते. कमी धोक्याच्या गटात पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी स्वच्छ निघाली, तर पुढची नऊ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा असे युरोपच्या सूचना सांगतात. जास्त धोका असेल तर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाला एकदा. वडिलांना शेवट कुठे आहे हे दिसले, तर तारखेची धास्ती थोडी तरी कमी होईल. लवचिक दुर्बीण आणि भूल देणारी जेली वापरता येईल का, हेही विचारा. त्रासात बराच फरक पडतो.

लघवीची मार्कर चाचणी करायचीच असेल तर ती डॉक्टरांशी बोलून करा. निकाल पॉझिटिव्ह आला तर आपण काय करणार आणि निगेटिव्ह आला तर काय, याचे उत्तर दोघांकडे आधी तयार असू द्या. दोन्ही वेळा उत्तर एकच येत असेल, तर चाचणीचा खर्च वाचवा. प्रयोगशाळेची जाहिरात पाहून घरातल्या सगळ्यांच्या चाचण्या करून घेऊ नका. वडील विडी किंवा सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद झाली पाहिजे. गाठ काढल्यानंतर सोडली तरी फायदा होतो.

आणि हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त एकदाच गेले, दुखले नाही आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबले, तरी ते उन्हाने किंवा उष्णतेने झाले असे म्हणून सोडून देऊ नका. हा कॅन्सर बहुतेक वेळा असाच, न दुखता आणि थांबून थांबून कळवतो. मूत्राशयाच्या कॅन्सरची सर्वांना दिसणारी, फुकटची आणि आजही सर्वांत महत्त्वाची खूण तीच आहे. ती दिसली की आठवड्याच्या आत युरोलॉजिस्टला दाखवा.